नोलाबाईंचा स्टाफ

नोला ट्रेजेन्झा या बाईंना चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा साहेबीण होण्याचा योग आला, आणि तो सरकारनं आणला.

तशा त्या मुळातच साहेबीण. आमच्या इवल्याशा पोर्ट कार्न गावच्या रुग्णालयात त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकघर चालवलं. त्या काळात डॉक्टरसुद्धा सूप मागताना आवाज खाली ठेवत. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या या किनाऱ्यावर गव्हाची कोठारं, एक धक्का, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा एक बोल्स क्लब आणि वारा एवढंच भांडवल आहे. त्यामुळे नोलाबाई निवृत्त झाल्या तेव्हा गावात आता हुकूम कोण सोडणार असा प्रश्नच पडला होता. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा ग्रँट ॲडलेडला. मग गुडघे बिघडले, डोळे मंदावले, आणि म्हाताऱ्या माणसांना घरी मदत मिळावी म्हणून सरकारची जी योजना आहे, तिच्यात बाईंचं नाव लागलं.

सुरुवातीला माणसं पाठवायची ती एक संस्था. अकरा आठवड्यांत तिनं नऊ वेगवेगळ्या मुली पाठवल्या. प्रत्येक मुलगी दारात उभी राहून तोच प्रश्न विचारायची, "बादली कुठे असते?" नोलाबाईंचा दिवस बादली दाखवण्यात जाई. एका मुलीला स्टुलावर चढायची परवानगी नव्हती. दुसरीला बल्ब बदलायची नव्हती, पण बल्ब गेला आहे अशी नोंद करायची होती. तिनं ती अंधारात केली. तिसरीनं तर, "आज्जी, आज आपण कशा आहोत?" असं लाडानं विचारलं. त्यावर नोलाबाई म्हणाल्या, "आपण दोघी वेगळ्या आहोत. तू तुझं सांग."

मग गावच्या महिला मंडळात त्यांना कुणीतरी सांगितलं, की हा कारभार आपला आपणसुद्धा पाहता येतो. योजना सरकारचीच, कागदपत्रं संस्थेकडेच, पण कोण येणार, कधी येणार आणि काय करणार हे आपण ठरवायचं. नोलाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेला फोन केला. पलीकडची बाई काळजीनं म्हणाली, "मिसेस ट्रेजेन्झा, माणसं निवडणं, वेळापत्रक आखणं, हे सगळं तुम्हाला झेपेल का?"

"मी एका वेळी बासष्ट माणसांचं पथ्याचं जेवण काढलंय," नोलाबाई म्हणाल्या. "त्यातले सतरा मधुमेही होते. तू फॉर्म पाठव."

मी त्यांच्या शेजारच्या घरात वीस वर्षं राहतोय, म्हणून पुढच्या मुलाखती मला कुंपणावरून ऐकायला मिळाल्या. पोलिसांचा दाखला, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र वगैरे सरकारी अटी होत्याच. पण नोलाबाईंची खरी परीक्षा वेगळी होती. "पेस्टीत काय घालतेस?" त्या विचारायच्या. पेस्टी म्हणजे भाजलेली मोठी करंजीच, आणि आमच्या भागात तिच्यात मांस, बटाटा, कांदा आणि सलगम. गाजर म्हणणारी उमेदवार तिथल्या तिथे बाद. लोरेटा शिर्मर नावाची पंचेचाळिशीची, धिप्पाड, मासळीच्या दुकानात दुपारची पाळी करणारी बाई आली, आणि तिनं उत्तर दिलं, "मी विकत आणते."

नोलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "निदान खोटं तरी बोलत नाहीस. मंगळवारपासून ये."

अंगण आणि बाहेरची कामं डार्सी विल्टशरकडे गेली. डार्सी म्हणजे बोल्स क्लबचं मैदान चाळीस वर्षं राखलेला माणूस. तो गवत असं कापतो, की त्यावर चहाचा भरलेला कप ठेवावा. तो दिवसाला सरासरी नऊ शब्द बोलतो, आणि त्यातले चार वाऱ्याबद्दल असतात. त्याची मुलाखत झालीच नाही. नोलाबाई म्हणाल्या, "शुक्रवार." तो म्हणाला, "बरं."

असा दोन माणसांचा स्टाफ उभा राहिला आणि फ्रिजवर वेळापत्रक लागलं. लोरेटा, मंगळवार आणि गुरुवार, सकाळी नऊ. डार्सी, शुक्रवार. खाली लाल पेनानं: उशीर होणार असल्यास आधी कळवणे.

एकच घोटाळा होता. लोरेटा साफसफाईला येणार म्हणून नोलाबाई आधी घर साफ करून ठेवायच्या.

"अगं, मग मला कशाला बोलावतेस?" लोरेटा दारातच ओरडायची.

"तुला घाणेरड्या घरात कसं घेऊ?"

"मी घाणेरड्या घरासाठीच येते, नोला!"

"दुसऱ्याच्या घरी येत असशील. माझ्या घरी नाही."

लोरेटा मुद्दाम आठला यायला लागली. नोलाबाई सहाला उठून पुसायला लागल्या. शेवटी लोरेटानं व्हॅक्यूम क्लीनरच उचलला आणि जाताना गाडीत घालून घरी न्यायला सुरुवात केली. आठवड्यातून दोनदा तो यंत्रराज पाव्हण्यासारखा येई आणि जाई. गावात लोक तिला विचारत, "काय, आज तुमच्याकडे मुक्काम का?"

हे सगळं मजेत चाललं होतं. मग मार्च महिन्यात नोलाबाई पडल्या.

त्यांच्या न्हाणीघरात जुन्या पद्धतीचा उंच कडेचा टब आहे. मंगळवारी सकाळी कडेवरून पाय पलीकडे टाकताना तोल गेला, आणि टब आणि बेसिन यांच्यामधल्या फटीत त्या अडकून बसल्या. मनगट मोडलं. नऊला लोरेटा आली, दाराची किल्ली तिच्याकडे होती म्हणून बरं. तिनं न्हाणीघराचं दार उघडलं, तर आतून नोलाबाई म्हणाल्या, "आलीस? आधी किटली लाव."

ग्रँट ॲडलेडहून गाडी मारत आला. साठीला आलेला, सज्जन, घाबरट मुलगा. तो स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "आई, आता बास. आमच्या जवळच्या वृद्धनिवासात एक खोली मोकळी होतेय. समुद्र दिसतो."

"मला इथूनही दिसतो."

"तिथे रात्रंदिवस माणसं असतात."

"कोण माणसं? कुणी निवडलेली?"

बरीच रस्सीखेच झाली आणि शेवटी दोघांत तह झाला. नोलाबाईंनी सरकारकडे वाढीव मदत मागायची. रोज सकाळी आंघोळीला माणूस मिळाला, आणि टब काढून न्हाणीघर नीट करून मिळालं, तर त्या घरी राहतील. नाही मिळालं, तर जूनअखेर ॲडलेडची खोली घ्यायची. नोलाबाईंनी कबूल केलं. पण त्या रात्रीपासून अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे ज्या तऱ्हेनं पाहायला लागल्या, ते मला कुंपणापलीकडून पाहवत नव्हतं.

वाढीव मदत द्यायची की नाही हे ठरवायला सरकारचं माणूस घरी येऊन बघून जातं. मे महिन्यातला एक बुधवार ठरला. आणि आता खरी पंचाईत सुरू झाली, कारण आमच्या गावात कुणाला "कसं काय?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "बरंय की. तक्रार कशाची करायची?" प्लास्टरातला पाय दोरीनं वर टांगलेला माणूससुद्धा हेच म्हणतो. आमच्या रॉस पेन्हेलनं हे वाक्य हृदयविकाराच्या झटक्यात, ॲम्ब्युलन्समध्ये म्हटलेलं आहे. नोलाबाई तर या पंथाच्या पीठाधीश.

लोरेटानं आठवडाभर तालीम घेतली.

"मी ती सरकारी बाई. नोला, तुला चालायला त्रास होतो का?"

"तसा काही—"

"चूक! होतो म्हण!"

"अगं, पण लोकांना काय सांगायचं घरातलं?"

"ती लोक नाही, सरकार आहे! आणि ऐक, घर पुसायचं नाही. काही भाजायचं नाही. चालायची फ्रेम समोर ठेवायची. केस विंचरायचे नाहीत."

शेवटच्या मागणीवर नोलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की लोरेटानं ती तिथल्या तिथे मागे घेतली.

बुधवारी सकाळी साडेनऊला लोरेटा मला बोलवायला आली. "तू चल. तू शिकलेला आहेस. ती खोटं बोलायला लागली की खोक." आम्ही दोघे आत शिरलो आणि दारातच थबकलो. लिंबाच्या पॉलिशचा वास नाकात झोंबत होता. जमिनीत तोंड दिसत होतं. व्हॅक्यूम क्लीनर लोरेटाच्या घरी होता, तेव्हा बाईंनी हे मोडक्या मनगटानं, खुर्चीवर बसून, काठीला फडकं बांधून केलं होतं. टेबलावर ठेवणीतले कप. ताजे भाजलेले स्कोन, जर्दाळूचा जॅम, फेटलेली साय. आणि खुद्द नोलाबाई निळ्या पोशाखात, ब्रोच लावून, ओठांना लाली लावून बसलेल्या.

"फ्रेम कुठेय?" लोरेटानं दात खात विचारलं.

"डार्सीच्या शेडमध्ये पाठवली. अडगळ दिसते."

लोरेटानं भिंतीला डोकं टेकलं. तेवढ्यात बेल वाजली.

सरकारी बाईंचं नाव इमोजेन फॉकनर. पस्तिशीची, व्यवस्थित, मऊ बोलणारी. मांडीवर टॅबलेट घेऊन ती बसली. "मिसेस ट्रेजेन्झा, तुमचं घर किती सुंदर ठेवलंय तुम्ही!"

"नोला म्हण गं. स्कोन घे."

"तर नोला, कशी आहे तब्येत?"

"बरंय की. तक्रार कशाची करायची?"

मी खोकलो.

"चालायला काही वापरता?"

"पाय."

मी पुन्हा खोकलो.

"आंघोळ?"

"रोज!" नोलाबाई जरा दुखावल्याच.

"म्हणजे मदत लागते का कशाची?"

"गरम पाण्याची."

"अलीकडे कधी पडलात?"

"एक्कावन्न साली. घोड्यावरून."

माझ्या खोकल्यानं आता दम्याचं रूप घेतलं. नोलाबाई इमोजेनकडे झुकून म्हणाल्या, "शेजारी आहे. बिचाऱ्याला धुळीचा त्रास होतो." इमोजेननं आजूबाजूला पाहिलं. त्या घरात धूळ शोधायला सरकारला वेगळी समिती नेमावी लागली असती.

"नोला!" लोरेटा फुटली. "मनगट दाखव त्यांना!"

"तू चहा ओत," नोलाबाई म्हणाल्या. साहेबिणीच्या आवाजात. लोरेटानं चहा ओतला.

असे चाळीस मिनिटं प्रश्न झाले. जिने? चढते. कपडे? धुते. एकटं वाटतं का? वेळ कुठे असतो. इमोजेनचं बोट टॅबलेटवर टिचक्या मारत होतं आणि प्रत्येक टिचकीला ॲडलेडची खोली एक मैल जवळ येत होती. मी लोरेटाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचं नाक लाल झालं होतं.

इमोजेननं टॅबलेट मिटला. "खरं सांगते नोला, तुमच्या वयाला इतकं स्वावलंबी माणूस क्वचित पाहायला मिळतं. मला जे दिसतं आणि तुम्ही जे सांगता, तेच लिहावं लागतं. वाढीव मदतीचं कारण मला दिसत नाही. उलट, आहेत ते तासही थोडे जास्तच वाटतात. मंगळवार-गुरुवारऐवजी एकच दिवस पुरेल. अंगणाची मदत तर बहुधा बंदच करता येईल."

नोलाबाईंचा कप बशीवर टेकला.

"कुणाचे तास?"

"म्हणजे, तुमच्या मदतीचे."

"माझे नाहीत ते. लोरेटाचे आहेत. आणि डार्सीचे." नोलाबाई टेबलाला धरून उठायला लागल्या. पहिल्या झटक्यात जमलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात जमलं, पण ब्रोच तिरका झाला. "माझ्या हाताखाली अठ्ठावीस वर्षांत चौदा बायका होत्या. एकीचाही तास मी कुणाला कापू दिला नाही. ही बाई हवी आहे. का हवी ते विचारलंस का तू मला?"

"मी तेच विचारत होते—"

"तू माझी तब्येत विचारत होतीस! चल इकडे."

भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल मोजत, नोलाबाई पुढे आणि आम्ही तिघे मागे अशी वरात न्हाणीघरात पोहोचली. नोलाबाईंनी टब आणि बेसिनमधल्या फटीकडे बोट दाखवलं. "बस तिथे."

"मी?"

"बस."

इमोजेन बसली. त्या आवाजापुढे माणूस बसतोच.

"आता डावा हात छातीशी घे. तो मोडला आहे. हं. आता ऊठ."

इमोजेननं प्रयत्न केला. पाय घसरला. बेसिनची कड धरायला गेली तर हात पोहोचेना. तिसऱ्या प्रयत्नात तिचा एक बूट निसटून टबाखाली गेला. ती वर बघत म्हणाली, "जमत नाही."

"तू पस्तीस वर्षांची आहेस. मी तिथे पन्नास मिनिटं होते. समोरच्या फरशा अठ्ठ्याहत्तर आहेत, त्यातली एक तडकलेली. ही आली ना, तेव्हा मी तिला किटली लावायला सांगितलं." नोलाबाईंनी तिरका ब्रोच सरळ केला. "कारण दुसरं काहीही बोलले असते तर रडले असते. आणि स्टाफसमोर मी रडत नाही."

लोरेटा आता उघड उघड रडत होती. मी टॉवेलाच्या घड्या पाहत होतो. त्या फार सुबक होत्या.

"लिही," नोलाबाई म्हणाल्या. "माझा पाय या कडेवर चढत नाही. लोरेटा मंगळवारी आणि गुरुवारी येते, असं कागदावर आहे. खरं तर ती रोज सकाळी वाट वाकडी करून येते, माझ्यावर नजर ठेवते आणि म्हणते, सहज डोकावले. तिला वाटतं मला कळत नाही. तिच्यावर हे ओझं का? डार्सी नुसतं गवत कापत नाही, तो मागच्या पायऱ्यांवरची पानं झाडतो, चुलीची लाकडं आत आणून ठेवतो, आणि सोमवारचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेतो. तो नसला तर डब्याबरोबर मीही उतारावरून घरंगळत धक्क्यापर्यंत जाईन. मला डाव्या डोळ्यानं अर्धंच दिसतं. गोळ्यांच्या बाटलीवरची अक्षरं हा वाचून दाखवतो." हा म्हणजे मी. "फ्रेम शेडमध्ये लपवली आहे. सकाळी चारला उठून जमीन पुसली, आणि मग तासभर खुर्चीतून उठता आलं नाही. लिहिलंस?"

"नोला," जमिनीवरून इमोजेन म्हणाली, "टॅबलेट बाहेर राहिला. आधी मला उठवा."

लोरेटानं तिला मासळीची टोपली उचलावी तसं एका झटक्यात उचललं. ते पाहून इमोजेन म्हणाली, "ही माझ्याही घरी येईल का?"

"नाही," नोलाबाई म्हणाल्या. "ती माझ्याकडे कामाला आहे."

नंतर दीड तास लिहिणं चाललं होतं. एकदा तोंड फुटल्यावर नोलाबाई थांबायला तयार नव्हत्या. अठ्ठ्याहत्तर फरशांपासून गॅसच्या बटणापर्यंत सगळं निघालं. तेही "माझं दुखतं" असं एकदाही न म्हणता, "लोरेटाला इथे वाकावं लागतं", "डार्सीला तिथे जास्त वेळ लागतो" या चालीवर. इमोजेननं चार स्कोन खाल्ले आणि जाताना बोलली ते इतकंच, "मी काही कबूल करू शकत नाही हं. पत्र येईल."

पत्र यायला सहा आठवडे लागले. ग्रँट दर रविवारी फोन करून विचारायचा, आणि ॲडलेडच्या वृद्धनिवासाची मंडळी त्याला विचारायची. जूनच्या विसाव्या तारखेला, आमच्या ऐन हिवाळ्यातल्या थंडगार वाऱ्यात डार्सीनं टपालपेटीतून लिफाफा आणला, आणि त्या दिवसाचा पहिला शब्द उच्चारला: "सरकार."

नोलाबाईंनी तो उघडायला नकार दिला. "लोरेटा येऊ दे. हा स्टाफचा विषय आहे." मग लोरेटा आली, मला बोलावलं, डार्सी टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, आणि मला वाचायला सांगितलं.

मी वाचायला लागलो. "अर्जदार महिलेस न्हाणीघरात सुरक्षितपणे वावरता येत नाही. आधाराशिवाय खुर्चीतून उठणे कठीण. दृष्टी क्षीण. पडण्याचा धोका मोठा. स्वतःच्या अडचणी कमी करून सांगण्याची प्रवृत्ती तीव्र..."

नोलाबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. "अरेरे," त्या म्हणाल्या. "कोण गं ही बाई? हिच्याकडे कुणीतरी जायला पाहिजे."

"नोला, ती तूच आहेस!"

"मी?" त्यांनी मान पुढे काढून माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खाली काय लिहिलंय?"

खाली लिहिलं होतं की मदतीची पातळी वाढवण्यात येत आहे; रोज सकाळी एक तास; न्हाणीघरातला टब काढून सपाट जमीन आणि धरायच्या दांड्या; अंगणाची मदत पूर्ववत.

लोरेटानं आनंदानं जी आरोळी ठोकली, ती बोल्स क्लबपर्यंत ऐकू गेली असं नंतर कळलं. डार्सीनं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. नोलाबाईंनी चष्मा पुसला. एकदा पुसून भागलं नाही, म्हणून पुन्हा पुसला. मग त्यांनी फोन मागून घेतला.

"ग्रँट? ती खोली सोडून दे. नाही, खरंच. समुद्र दिसतो ना? मग घेईल कुणीतरी पटकन. नाही रे, रडत नाहीये, इथे लोरेटा किंचाळतेय. ऑगस्टमध्ये या सगळे. नवीन न्हाणीघर बघा." पलीकडून ग्रँट बराच वेळ काहीतरी बोलला. नोलाबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "माहितीये मला. तूही नीट जेवत जा."

फोन ठेवून त्या ताठ बसल्या, फ्रिजवरचं वेळापत्रक काढायला लावलं, आणि नव्या कागदावर रेघा आखायला लागल्या.

"लोरेटा. उद्यापासून रोज सकाळी सात."

"रोज? नोला, आठवड्याला एक सुट्टी तरी दे! माझी बहीण रविवारी येते."

"तुझ्या बहिणीला हात नाहीत का? तिलाही घेऊन ये. दाखला आहे का तिच्याकडे?"

"तिला नको ओढूस यात! मला रविवार सुट्टी पाहिजे."

"अर्ज दे. लेखी."

लोरेटानं आमच्याकडे पाहिलं. डार्सी छताकडे बघत होता. मग तिनं सरकारी लिफाफाच उलटा केला, माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि टेबलावर वाकून, जीभ दातात धरून लिहायला लागली. लिहून झाल्यावर लिफाफा नोलाबाईंसमोर सरकवला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला, उजव्या डोळ्यानं एकेक अक्षर वाचलं, खाली तारीख आहे का ते पाहिलं.

"सुट्टी कशासाठी, ते लिहिलं नाहीस," त्या म्हणाल्या.